बायकोची अंगठी गहाण टाकणारा लेखक : दोस्तोव्हस्कीच्या जुगाराची आणि सुटकेची गोष्ट

जुन्या माणसांनी राज कपूरचा 'फिर सुबह होगी' पाहिला असेल. नव्या पोरांनी रणबीर कपूरचा पहिला सिनेमा 'सावरिया' पाहिला असेल. आजोबा आणि नातू, मधे जवळजवळ पन्नास वर्षं गेलेली. पण दोन्ही सिनेमांची मूळ गोष्ट एकाच लेखकाची. तो लेखक रशियातला, आणि तो वारला त्याला आता एकशे चाळीस वर्षांच्या वर झाली. त्याचं नाव फिओदोर दोस्तोव्हस्की.

जगातल्या मोठ्यातल्या मोठ्या लेखकांत त्याचं नाव घेतात. पण हाच माणूस जवळपास दहा वर्षं पक्का जुगारी होता. घड्याळ, कोट, बायकोच्या कानातली कुडी, लग्नातली अंगठी, सगळं त्यानं गहाण टाकलं आणि डावावर घालवलं. सावकारांच्या भीतीनं देश सोडून चार वर्षं परमुलखात राहिला. आणि तरीही त्यातनं बाहेर आला. कसा आला, हे आजही बघण्यासारखं आहे. कारण तो डाव जिंकून बाहेर आला नाही.

हिस्सा सोडला, हजार रूबल घेतले

दोस्तोव्हस्कीचा जन्म ११ नोव्हेंबर १८२१ चा, मॉस्कोतला. वडील गोरगरिबांच्या दवाखान्यात डॉक्टर. खेड्यात थोडी जमीनही घेतलेली. आई १८३७ साली क्षयानं गेली, दोन वर्षांत वडील गेले. पोरगा तेव्हा पीटर्सबर्गला लष्करी इंजिनिअरिंग शिकत होता.

शिक्षण झालं, सरकारी नोकरी लागली. पण जेमतेम वर्षभरात, १८४४ साली, त्यानं नोकरीचा राजीनामा दिला. लेखक व्हायचं होतं. खर्चाचा हात सैल, उधारी आधीच झालेली. मग वडिलोपार्जित इस्टेटीतला आपला हिस्सा त्यानं हजार रूबल घेऊन कायमचा सोडून दिला, तेही काही रोख आणि काही हप्त्यानं. ज्यानं हिस्सा असा सोडला, त्याच्या हातात पैसा टिकणार नाही हे घरच्यांना तेव्हाच कळलं असणार.

पण हा पहिला डाव लागला. १८४६ साली 'पुअर फोक' म्हणजे गरीब माणसांवरची त्याची कादंबरी आली आणि चोविशी-पंचविशीतला पोरगा एकदम नावारूपाला आला.

गोळी घालायला उभा केलेला माणूस

पुढं तो सरकारवर टीका करणाऱ्या, बंदी असलेली पुस्तकं वाचणाऱ्या मंडळींत बसू लागला. रशियात तेव्हा झारचं राज्य. १८४९ च्या एप्रिलमध्ये पोलिसांनी सगळ्यांना उचललं. आठ महिने किल्ल्यातल्या तुरुंगात ठेवलं. आणि डिसेंबरात, तिथल्या त्या वेळच्या पंचांगाप्रमाणे २२ तारखेला, पीटर्सबर्गच्या एका मैदानात नेऊन मृत्युदंडाची शिक्षा वाचून दाखवली.

कडाक्याची थंडी. पहिल्या तिघांना खांबाला बांधलं. शिपायांनी बंदुका रोखल्या. दोस्तोव्हस्की पुढच्या खेपेला होता, म्हणजे त्याच्याकडं काही मिनिटं उरली होती. तेवढ्यात ढोल वाजला आणि झारचा निरोप आला की शिक्षा कमी केली आहे. हे सगळं आधीच ठरलेलं होतं. माणसांना धडा शिकवायचा म्हणून केलेलं ते नाटक होतं. त्या तिघांतल्या एकाचं डोकं त्या दिवसानंतर ठिकाणावर राहिलं नाही.

दोस्तोव्हस्कीला पायात बेड्या घालून सैबेरियात ओम्स्कच्या तुरुंगात धाडलं. चार वर्षं सक्तमजुरी. चोर, खुनी, दरोडेखोर यांच्याबरोबर एकाच बराकीत राहणं. नंतर साधा शिपाई म्हणून सैबेरियातच पलटणीत नोकरी. तिथंच फिटचे झटके वाढले, ते जन्मभर राहिले. तिथंच १८५७ साली एका विधवा बाईशी लग्न केलं. पीटर्सबर्गला परत यायला १८५९ चा डिसेंबर उजाडला. दहा वर्षं गेली होती. लोक विसरले होते. त्यानं पुन्हा शून्यातून सुरुवात केली, भावाबरोबर मासिक काढलं, तुरुंगातल्या दिवसांवर पुस्तक लिहिलं आणि नाव परत मिळवलं.

मरणाच्या दारातनं परत आलेला, बेड्या घालून चार वर्षं काढलेला हा माणूस. असा माणूस जुगाराला भुलेल, असं कुणाला वाटलं नसतं.

पहिला डाव जिंकला, तिथंच फसला

१८६३ साली तो युरोपच्या प्रवासाला निघाला. घरी बायको क्षयानं आजारी. वाटेत जर्मनीतलं वीसबाडेन गाव लागलं. तिथं मोठमोठे जुगारखाने होते. युरोपभरातले पैसेवाले तिथं यायचे.

खेळ होता रूलेटचा. एक फिरतं चाक, त्यावर १ ते ३६ आकड्यांची घरं आणि एक घर शून्याचं, अशी ३७ घरं. चाक फिरवायचं, त्यात गोळी सोडायची. ज्या घरात गोळी थांबेल तो आकडा लागला. आकड्यावर एक रुपया लावला आणि तो लागला, तर लावलेला धरून ३६ परत मिळतात. आता हिशेब करा. एखाद्यानं सगळ्या ३७ घरांवर एकेक रुपया लावला, तर खिशातनं ३७ जातात आणि हातात ३६ येतात. एक रुपया जुगारखान्याचा. एखादा दिवस कुणी जिंकेल, पण खेळत राहिलं तर तो एकेक रुपया जातच राहतो. ह्यात फसवणूक नाही, चोरी नाही. चाकच तसं बनवलेलं.

दोस्तोव्हस्कीला मात्र वाटलं की आपल्याला युक्ती सापडली आहे. डोकं थंड ठेवायचं, हावरटपणा करायचा नाही, की माणूस हरूच शकत नाही. आणि नेमका तो पहिल्याच फेरीत जिंकला, दहा हजार फ्रँकच्या वर. त्यातले काही त्यानं बायकोसाठी घरी धाडलेही. हरला असता तर कदाचित तिथंच वाचला असता. पण जिंकला, आणि युक्तीवरचा विश्वास पक्का झाला. थोड्याच दिवसांत बाडेन-बाडेन गावात होतं नव्हतं ते सगळं हरला. भावाला पत्र टाकून पैसे मागवायची पाळी आली.

नऊ वर्षांचा गहाणखत

१८६४ हे साल त्याच्यावर आभाळ कोसळल्यासारखं गेलं. एप्रिलमध्ये बायको वारली, जुलैमध्ये भाऊ वारला. भावाचं कुटुंब आणि मासिकाचं कर्ज, दोन्ही त्यानं आपल्या अंगावर घेतलं. पुढच्या वर्षी मासिक बंद पडलं. घेणेकरी दारात आले.

अशा वेळी एका प्रकाशकानं १८६५ साली तीन हजार रूबल पुढं केले. अट अशी, की १ नोव्हेंबर १८६६ पर्यंत एक नवी कादंबरी हातात द्यायची. नाही दिली, तर त्यानं पुढं जे काही लिहील ते नऊ वर्षं प्रकाशक फुकट छापणार. शेतकऱ्यानं पुढच्या नऊ वर्षांचं पीक आजच लिहून द्यावं, तसा हा करार. अडलेल्या माणसानं सही केली.

तीन हजारांतली बहुतेक रक्कम घेणेकऱ्यांनाच गेली. उरले ते थोडे पैसे घेऊन तो पुन्हा वीसबाडेनला गेला आणि पाच दिवसांत सगळं हरला. घड्याळही गेलं. हॉटेलवाल्यानं जेवण बंद केलं, फक्त चहा देऊ लागला. रात्री मेणबत्ती द्यायलाही नकार दिला. ओळखीच्या लेखकांना पत्रं लिहून त्यानं उसने पैसे मागितले.

त्याच हॉटेलात, अर्धपोटी, त्यानं एक गोष्ट लिहायला घेतली. एक गरीब विद्यार्थी, आणि वस्तू गहाण ठेवून घेणारी एक म्हातारी सावकारीण. विद्यार्थी तिचा खून करतो. हीच पुढं 'क्राइम अँड पनिशमेंट' झाली. 'फिर सुबह होगी' हा सिनेमा त्यावरूनच घेतलेला.

सव्वीस दिवस

ती कादंबरी मासिकात येत राहिली, पण करारातली दुसरी कादंबरी राहून गेली. १८६६ चा ऑक्टोबर उजाडला, महिनाही उरला नाही, आणि एक ओळ लिहिलेली नव्हती. मित्रांनी सुचवलं की शॉर्टहॅन्ड येणारं माणूस ठेव. तू सांग, ते लिहून घेईल.

४ ऑक्टोबरला ॲना नावाची वीस वर्षांची मुलगी कामाला आली. वडील नुकतेच वारलेले, स्वतःच्या पायावर उभं राहायचं म्हणून ती शॉर्टहॅन्ड शिकली होती. तो दुपारी सांगायचा, ती लिहून घ्यायची. रात्री घरी बसून स्वच्छ प्रत करायची आणि दुसऱ्या दिवशी घेऊन यायची. असं सव्वीस दिवस चाललं. कादंबरी पूर्ण झाली. तिचं नाव 'द गॅम्बलर', म्हणजे जुगारी.

शेवटच्या दिवशी तो हस्तलिखित घेऊन गेला, तर प्रकाशक मुद्दाम गावाला निघून गेलेला. कचेरीतला कारकून घेईना. मुदत चुकवायची हाच डाव होता. मग त्यानं पोलीस ठाणं गाठलं, हस्तलिखित तिथं जमा केलं आणि तारीख-वेळेची पोहोच घेतली. मुदत संपायला दोनेक तास उरले होते. नऊ वर्षं वाचली.

चार महिन्यांत, १८६७ च्या फेब्रुवारीत, त्याचं आणि ॲनाचं लग्न झालं. तो पंचेचाळीस, ती वीस.

संसार गाठोड्यात

लग्न झालं तरी घेणेकरी थांबले नव्हते. भावाचे घरचे आणि सावत्र मुलगा, सगळ्यांचं त्याच्यावरच. तुरुंगात जायची भीती होती. ॲनानं माहेरहून आणलेलं फर्निचर, पियानो, चांदी गहाण टाकली आणि १८६७ च्या एप्रिलमध्ये दोघं देशाबाहेर पडले. तीन महिन्यांसाठी म्हणून गेले, ते चार वर्षांनी परतले. तोवर मागं ठेवलेल्या वस्तूंचं व्याज वेळेवर भरलं गेलं नाही आणि त्या बुडाल्या.

ज्यानं नुकतीच जुगाऱ्यावर कादंबरी लिहिली, जुगाऱ्याच्या मनातला कोपरान् कोपरा उघडून दाखवला, तो माणूस परदेशात पोचताच परत चाकापाशी गेला. आधी होम्बुर्ग, मग बाडेन-बाडेन. सगळं कळतं म्हणून सुटत नाही, हे इथं दिसतं.

बाडेन-बाडेनला ते एका लोहाराच्या दुकानावरच्या खोल्यांत राहिले. पहाटेपासून ऐरणीचे घाव. ॲनाला दिवस गेलेले. तो सकाळी निघायचा. जिंकला तर फळं, फुलं घेऊन यायचा आणि लगेच परत जायचा. हरला तर रडत येऊन तिच्या पाया पडायचा, माफी मागायचा आणि परत गहाण टाकायला वस्तू मागायचा. लग्नात त्यानंच दिलेली कानातली आणि ब्रोच गेली, ती परत आली नाहीत. दोघांच्या अंगठ्या गहाण पडल्या. तिचे कपडे, त्याचा कोट गेला. तिच्या आईनं पाठवलेले पैसेही गेले.

ॲना रोज शॉर्टहॅन्डमध्ये डायरी लिहीत होती. किती आले, किती गेले, काय गहाण पडलं, सगळं त्यात आहे. तिनं पुढं आठवणींत सांगितलं आहे की हा चांगल्या-वाईट स्वभावाचा प्रश्न नाही, हा आजार आहे, हे तिला हळूहळू कळलं. पण कळलं तरी भोगणं तिच्याच वाट्याला आलं.

१८६८ च्या सुरुवातीला स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाला पहिली मुलगी झाली, सोन्या. तीन महिन्यांची असताना छातीत कफ होऊन मे महिन्यात गेली. दोघं कोलमडले. तरी तो लिहीत राहिला, कारण प्रकाशकाची उचल घेतलेली होती. 'द इडियट' ही त्याची मोठी कादंबरी ह्याच दिवसांतली. जिनिव्हा सोडलं, इटलीत मिलान, फ्लॉरेन्स झालं, मग परत जर्मनीत ड्रेस्डेन. तिथं १८६९ साली दुसरी मुलगी झाली. गाठोडं बांधायचं, नवं गाव, नवी भाड्याची खोली, आणि गहाणवटीचं दुकान कुठं आहे ते आधी शोधायचं, असा तो संसार.

शेवटची खेप

१८७१ चा एप्रिल. घरात थोडे पैसे होते. तो अस्वस्थ, लिहिणं होत नव्हतं. ॲनानंच त्याला सांगितलं की वीसबाडेनला जाऊन एकदा नशीब बघून ये. तिला माहीत होतं की तो हरणार आहे. पण एकदा तिथं जाऊन आला की त्याचं मन मोकळं होतं आणि तो लिहायला बसतो, हेही तिला माहीत होतं.

तो गेला आणि सगळं हरला. घरी यायला तिकिटाचे म्हणून तीस थालर मागवले, तेही हरला. रात्री तो बेभान होऊन रस्त्यावर आला. गावात रशियन पाद्री राहतो, त्याच्याकडं जाऊन मन मोकळं करावं म्हणून अंधारात शोधत निघाला. समोर देऊळ दिसलं म्हणून गेला, तर ते चर्च नव्हतं, ज्यू लोकांचं प्रार्थनास्थळ होतं. अंगावर गार पाण्याची घागर ओतावी तसं त्याला झालं. खोलीवर येऊन त्यानं ॲनाला पत्र लिहिलं. दहा वर्षं मानगुटीवर बसलेलं हे भूत आज उतरलं, असा त्या पत्राचा आशय होता.

अशी वचनं त्यानं आधीही दिली होती. ह्या वेळी मात्र ते खरं ठरलं. त्यानंतरची दहा वर्षं तो एकदाही खेळला नाही. पुढच्या वर्षाच्या अखेरीस जर्मनीतले ते जुगारखाने सरकारनंच बंद केले, त्याचीही मदत झाली असेल. पण त्याच्या आधीच तो थांबला होता.

वही ॲनाच्या हातात

१८७१ च्या जुलैमध्ये दोघं पीटर्सबर्गला परतले. आठवडाभरात मुलगा झाला. आणि परतल्याची बातमी पेपरात येताच घेणेकरी दारात उभे राहिले. कर्ज होतं पंचवीस हजार रूबलच्या आसपास.

इथून ॲनानं सूत्रं हातात घेतली. नवऱ्याला तिनं घेणेकऱ्यांसमोर जाऊच दिलं नाही. एकानं जप्तीची आणि तुरुंगाची धमकी दिली. तिनं शांतपणे सांगितलं की घर माझ्या नावावर भाड्यानं आहे, सामान हप्त्यावरचं आहे. नवऱ्याला तुरुंगात टाकाल तर तो मुदत संपेस्तोवर तिथं बसून लिहील, कायद्यानं त्याच्या जेवणाचा खर्च तुम्हालाच भरावा लागेल, आणि हातात काही येणार नाही. गुमान हप्ते करून घ्या. त्यानं हप्ते करून घेतले.

मग तिनं दुसरी गोष्ट केली. लेखकाचं पुस्तक छापून पैसा प्रकाशक कमावतो, हे तिनं पाहिलं होतं. कागदाचा भाव काय, छपाईचा दर काय, बांधणी किती, दुकानदाराला किती सूट द्यावी लागते, हे सगळं तिनं दुकानात, छापखान्यात फिरून विचारून घेतलं. आणि १८७३ च्या जानेवारीत 'डेमन्स' ही कादंबरी घरच्या घरी काढली. ३,५०० प्रती छापल्या. पहिल्याच दिवशी दुकानदार घरी येऊन ११५ प्रती रोखीनं घेऊन गेले. माल आपला, भाव आपला, मधला दलाल नाही. शेतमाल विकणाऱ्याला ह्यातलं मर्म वेगळं सांगायला नको.

तो रात्री जागून लिहायचा, दुपारी तिला सांगायचा. ती शॉर्टहॅन्डमध्ये घ्यायची, प्रत करायची, मुद्रितं तपासायची, पार्सलं बांधायची, हिशेब लिहायची. हळूहळू स्टाराया रूसा ह्या छोट्या गावात एक घरही झालं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला डोक्यावर आपलं म्हणावं असं छप्पर मिळालं.

दुःख संपलं नाही. १८७८ साली धाकटा मुलगा अल्योशा तीन वर्षांचाही नसताना फिट येऊन गेला. बापाचाच आजार पोराला लागला, हे त्याला फार लागलं. त्याच्या शेवटच्या आणि सर्वांत मोठ्या कादंबरीत, 'द ब्रदर्स करमाझोव्ह'मध्ये, त्यानं एका भावाचं नाव अल्योशा ठेवलं.

शेवटचं कर्ज त्याच्या मरणाच्या साधारण वर्षभर आधी फिटलं. ९ फेब्रुवारी १८८१ रोजी, एकोणसाठाव्या वर्षी, फुप्फुसातनं रक्तस्राव होऊन तो गेला. अंत्ययात्रेला हजारो माणसं लोटली. ज्या शहरात त्याला गोळी घालायला उभं केलं होतं, त्याच शहरानं त्याला खांदा दिला.

ॲना तेव्हा चौतिशीत होती. तिनं पुन्हा लग्न केलं नाही. त्याची हस्तलिखितं, पत्रं गोळा केली, सगळी पुस्तकं छापत राहिली, आठवणी लिहिल्या. १९१८ साली याल्टा गावात ती वारली.

डाव लागून कोण सुटलं?

ह्या माणसाच्या आयुष्यात एक गोष्ट पक्की दिसते. एकदा मोठा डाव लागला की कर्ज फेडू आणि सोडून देऊ, असं तो दहा वर्षं म्हणत होता. डाव लागलेही. एकदाही कर्ज फिटलं नाही. जिंकलेला पैसा परत त्याच चाकावर गेला. कर्ज फिटलं ते रोज रात्री लिहिलेल्या पानांनी आणि ॲनाच्या वहीनं.

आज त्या चाकासाठी जर्मनीला जावं लागत नाही. ते खिशातल्या फोनमध्ये येऊन बसलं आहे. कुणाची रमी, कुणाचा क्रिकेटचा सट्टा. पहिल्या दोन-चार डावांत थोडे पैसे सुटतात, माणसाला वाटतं युक्ती सापडली. मग ऊसाचं बिल जातं, सोसायटीच्या कर्जाची रक्कम जाते, घरातलं डोरलं गहाण पडतं. दोस्तोव्हस्कीसारखा बुद्धीचा माणूस, ज्यानं जुगारावर कादंबरी लिहिली, त्याला ते चाक हरवता आलं नाही.

तो सुटला, कारण घरात एक माणूस हिशेब लिहीत होतं आणि ते माणूस त्याला सोडून गेलं नाही. पण त्याची किंमत ॲनानं मोजली, हेही विसरू नये. तिची कानातली बाडेन-बाडेनच्या दुकानातनं कधीच परत आली नाहीत.